निकालाच्या दिवशी बातम्यांची साइट का बसते?

२३ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी झाली. अशा दिवशी मराठी बातम्यांच्या साइटवर काय होतं, हे तिथे काम करणाऱ्यांना सांगावं लागत नाही. सकाळी आठला मोजणी सुरू होते, कल यायला लागतात, आणि एरवी दिवसभर विखुरलेला वाचक एका तासात येऊन एकच पान पुन्हा पुन्हा उघडतो. दहावी-बारावीच्या निकालाला दुपारी तेच घडतं. साइट बसली की नंतरच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: हे सीएमएस (बातमी लिहून साइटवर सोडायची यंत्रणा) आपल्याला पुरत नाही, दुसरं घेऊ.

बहुतेक वेळा हे निदान चुकलेलं असतं. सीएमएस निवडायचं ते डेस्कवर बातमी लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि सोडणाऱ्या माणसांसाठी. गर्दी पेलायचं काम त्याच्या पुढे उभ्या असलेल्या कॅशचं, म्हणजे तयार पानांच्या जपून ठेवलेल्या प्रतींचं आहे. ही दोन कामं वेगळी ठेवली की निवड सोपी होते आणि खर्चही आटोक्यात राहतो.

साधा हिशोब मांडू. चार कोअरचा एक सर्व्हर घ्या. वर्डप्रेस या सीएमएसला एक पान मुळापासून तयार करायला, म्हणजे पीएचपी या भाषेतला कोड चालवून, डेटाबेसला विचारून एचटीएमएल रचायला, प्रोसेसरची २०० मिलिसेकंदं लागतात असं धरा. एक कोअर सेकंदाला पाच पानं देईल, चार कोअर मिळून वीस. आता दहा मिनिटांत तीन लाख वेळा पान उघडलं गेलं, तर सेकंदाला ५०० मागण्या झाल्या. म्हणजे असे पंचवीस सर्व्हर हवेत. पण तेच पान एकदा तयार करून दहा सेकंद जपून ठेवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच प्रत दिली, तर सीएमएसला दहा सेकंदांत एकच पान बनवावं लागतं आणि पाच हजार मागण्या त्यावर भागतात. बातम्यांच्या साइटची ही मोठी सोय आहे: सगळ्यांना एकच पान हवं असतं. ऑनलाइन दुकान किंवा बँकेच्या नशिबी हे नसतं.

कोणतं सीएमएस घ्यावं

वर्डप्रेस २००३ मध्ये आलं. पीएचपी आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस एवढ्यावर ते चालतं. त्याची खरी ताकद माणसांची आहे. नवा उपसंपादक पहिल्या दिवशी त्यात बातमी टाकू शकतो, आणि पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात ते जाणणारा डेव्हलपर सापडतो. कमजोरी प्लगिनांची, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामांची आहे. प्रत्येक गरजेला एक प्लगिन टाकत गेलं की तीन वर्षांत चाळीस होतात आणि त्यातलं कोणतं पानाला अर्धा सेकंद लावतंय हे कुणालाच माहीत नसतं.

ड्रुपल २००१ पासून आहे. बातमीचे अनेक प्रकार, मंजुरीचे टप्पे, एकाच मजकुराच्या दोन-तीन भाषांतल्या आवृत्त्या हे सगळं त्याच्या गाभ्यातच येतं. कोणत्या पानावर कोणता मजकूर वापरला आहे याची खूण ते प्रत्येक पानाला चिकटवतं, त्यामुळे बातमी बदलली की नेमकी तेवढीच पानं कॅशमधून काढता येतात. पण शिकायला ते जड आहे, आणि जुन्या मोठ्या आवृत्त्यांवरून पुढे जाताना फार काम पडतं. ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. त्यावरच्या साइटना पुढे जायचं म्हणजे अपडेटचं बटण दाबणं नव्हतं, साइट जवळपास नव्याने बांधणं होतं.

घोस्ट २०१३ चं. जावास्क्रिप्टच्या नोड जेएसवर चालतं, सभासदत्व आणि न्यूजलेटर त्यात आधीच आहे. चार-पाच जणांच्या, वर्गणीवर चालणाऱ्या प्रकाशनाला ते उत्तम. एक अट मात्र आधी वाचून घ्यावी: एका साइटसाठी घोस्टची एकच प्रत चालवायची असते. अनेक सर्व्हरवर पसरवून चालवायची सोय त्याचे निर्माते देत नाहीत. वॅगटेल हे सीएमएस पायथन भाषेवर आणि तिच्या जँगो चौकटीवर आहे, आणि टीममध्ये पायथन जाणणारे असतील तर ते हाताळायला फार सुखद आहे.

हेडलेस, म्हणजे लिखाणाची जागा वेगळी आणि वाचकाला दिसणारी साइट वेगळी, ही मांडणी हल्ली सगळीकडे सुचवली जाते. ॲप, वेबसाइट आणि टीव्हीच्या पट्ट्या एकाच मजकुरावर चालवायच्या असतील तर तिला अर्थ आहे. एकच वेबसाइट असेल तर नको. एका यंत्रणेऐवजी दोन सांभाळाव्या लागतात, बातमी सोडण्याआधीचा प्रीव्ह्यू वेगळा बांधावा लागतो, आणि निकालाच्या दिवशी नेमकं काय अडलंय हे शोधायला दुप्पट वेळ जातो.

परवानाही बघून घ्या. वर्डप्रेस आणि ड्रुपल जीपीएलवर, घोस्ट एमआयटीवर, वॅगटेल बीएसडीवर आहे. हे तिन्ही मुक्त परवाने. डिरेक्टस हे हेडलेस सीएमएस मात्र २०२३ मध्ये बीएसएल परवान्याकडे गेलं. त्याचा कोड दिसतो, पण वापराला अटी आहेत. शिवाय पुरवठा कुठून होतो तेही महत्त्वाचं. सप्टेंबर २०२४ मध्ये, प्लगिनं जिथून मिळतात त्या वर्डप्रेस डॉट ऑर्गने डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीचा प्रवेश बंद केला, तेव्हा तिच्या ग्राहकांच्या साइटना प्लगिनचे अपडेट नेहमीच्या वाटेने मिळेनात. त्यामुळे वापरात असलेल्या प्रत्येक प्लगिनची नेमकी आवृत्ती स्वतःच्या गिट रिपॉझिटरीत (कोडच्या आवृत्त्या जपायच्या जागेत) ठेवणं हे मूळ कामातच धरावं.

आठ ते पन्नास जणांच्या मराठी न्यूजरूमला आमचं उत्तर बहुतेक वेळा वर्डप्रेस हेच असतं, प्लगिन पंधराच्या आत ठेवायची तयारी असेल तर. इथून पुढचा तपशील म्हणून वर्डप्रेसचाच आहे. तत्त्वं इतरांनाही लागू पडतात.

दारातच थांबवायचं

वाचकाची मागणी आधी सीडीएनकडे, म्हणजे पानांच्या प्रती ठेवणाऱ्या, जगभर पसरलेल्या सर्व्हरांच्या जाळ्याकडे जाते, मग आपल्या सर्व्हरवरच्या एनजिनएक्स किंवा व्हार्निश या कॅश सांभाळणाऱ्या प्रोग्रामांकडे, आणि तिथेही प्रत नसेल तरच पीएचपीकडे. व्हार्निशचा जन्मच बातम्यांच्या गर्दीतून झाला: नॉर्वेतल्या ‘वेर्देन्स गांग’ या दैनिकाच्या ऑनलाइन आवृत्तीसाठी पौल-हेनिंग काम्प यांनी ते लिहिलं आणि २००६ मध्ये ते बाहेर आलं. सीडीएनचा उपयोग परदेशातल्या वाचकाला विशेष होतो. मुंबई ते न्यू जर्सी संदेश जाऊन यायला साधारण २०० मिलिसेकंदं लागतात, आणि सुरक्षित जोडणी होऊन पान सुरू व्हायला अशा तीन फेऱ्या होतात. पान तिथल्या जवळच्या केंद्रात असेल तर हा अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ वाचतो.

किती वेळ प्रत ठेवायची? चालू मतमोजणीचं पान १० सेकंद, होमपेज ३० ते ६० सेकंद, ताजी बातमी ५ मिनिटं, आठवड्याहून जुनी बातमी एक दिवस. फोटो आणि स्टाइलच्या फाइल एक वर्ष ठेवाव्यात, पण फाइल बदलली की नावही बदलायचं. ‘पान सापडलं नाही’ हे उत्तरसुद्धा ३० ते ६० सेकंद जपून ठेवा. याकडे दुर्लक्ष होतं आणि ते महागात पडतं. चुकीचा पत्ता आला की वर्डप्रेस जवळचा पत्ता ओळखायचा प्रयत्न करतं आणि त्यासाठी पोस्टच्या नावांत शोध घेतं. व्हॉट्सॲपवर तुटलेली लिंक फिरली तर बातमी नसतानाही डेटाबेस दमतो.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. होमपेजची प्रत ३० सेकंदांनी संपली. त्या क्षणी सेकंदाला ५०० मागण्या येत आहेत. नवी प्रत तयार व्हायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात ५०० जण आत शिरतात आणि सगळे एकाच वेळी तेच पान बनवायला लावतात. पीएचपी गुदमरतं, पान आणखी उशिरा तयार होतं, आणखी लोक आत शिरतात. २५ जून २००९ ला मायकल जॅक्सन गेला तेव्हा विकिपीडियाची हीच अवस्था झाली: लेखात सतत बदल होत होते, दर बदलाला प्रत बाद होत होती, आणि अनेक सर्व्हर तोच अवजड लेख एकाच वेळी पुन्हा रचत होते. त्यावर त्यांनी पूलकाउंटर नावाचा उपाय केला: एकानेच पान बनवायचं, बाकीच्यांनी थांबायचं किंवा जुनी प्रत घ्यायची.

आपल्याकडेही हेच करायचं. एनजिनएक्समध्ये कॅश लॉक चालू करा आणि नवी प्रत बनत असताना जुनी देण्याची परवानगी द्या. व्हार्निश एका वेळी एकालाच आत सोडतं, पण जुनी प्रत देण्याची त्याची मूळ मुदत फक्त १० सेकंद आहे. ती एक तासापर्यंत वाढवा. सीडीएनला उत्तरासोबत जाणाऱ्या शीर्षओळींतून (हेडर) दोन सूचना द्या: नवी प्रत येईपर्यंत जुनी चालवा, आणि मागचा सर्व्हर चुकीचं उत्तर देत असेल तरी दिवसभर जुनीच चालवा. दुसऱ्या सूचनेमुळे आतलं सगळं कोसळलं तरी वाचकाला काहीतरी वाचायला मिळतं.

कॅश असूनही साइट बसते तेव्हा

अशा वेळी जवळपास नेहमी कॅशला भोक पडलेलं असतं. पहिलं भोक कुकीचं, म्हणजे साइट वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या ओळखखुणेचं. एखादं प्लगिन प्रत्येक वाचकाला पीएचपीची सेशन कुकी देतं. एनजिनएक्स आणि व्हार्निश दोघेही कुकी देणारं उत्तर मुळात जपत नाहीत, त्यामुळे संपूर्ण साइट कॅशबाहेर जाते आणि पानं मात्र ठीक दिसत राहतात. दर अपडेटनंतर खाजगी खिडकीत पान उघडून उत्तराच्या शीर्षओळी तपासाव्यात. कुकी दिसली की ते प्लगिन त्याच दिवशी काढायचं. कॅश टाळायची परवानगी फक्त लॉग-इन झालेल्या, प्रतिक्रिया लिहिलेल्या आणि पासवर्डचं पान उघडलेल्या व्यक्तीच्या कुकीला द्या.

दुसरं भोक पत्त्याच्या शेपटीचं. फेसबुकवरून आलेल्या प्रत्येक क्लिकला वेगळा ‘एफबीसीएलआयडी’ हा माग काढायचा कोड लागतो, जाहिरातीवरून आलेल्याला ‘यूटीएम’. कॅशच्या दृष्टीने ते हजारो वेगळे पत्ते. कॅशची किल्ली, म्हणजे प्रत कोणत्या पत्त्याने ओळखायची ते ठरवताना ही शेपटी छाटून टाका. वाचकाच्या ब्राउझरमध्ये ती तशीच राहते, त्यामुळे आकडेवारीचं काही बिघडत नाही.

तिसरं, ‘ही बातमी किती जणांनी वाचली’ हा आकडा. तो दाखवणारी बरीच प्लगिनं प्रत्येक वाचनाला डेटाबेसमध्ये एक नोंद करतात. पान कॅशमधून आलं तरी नोंद सरळ आत जाते. हा आकडा ॲनालिटिक्सकडून दर पाच मिनिटांनी घ्या. मतमोजणीच्या जागांचंही तसंच. २८८ मतदारसंघांचे आकडे एका जेसन फाइलमध्ये (साध्या मजकुरातली माहितीची फाइल) लिहायचे, ती फाइल ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फाइली ठेवायच्या वेगळ्या जागेवर) टाकायची, आणि वाचकाच्या ब्राउझरने दर १५ सेकंदांनी तीच मागायची. या वाटेत वर्डप्रेस येतच नाही.

चौथं भोक शोधाचं. कुणीही काहीही शोधू शकतो, म्हणून शोधाची पानं कॅशमध्ये टिकत नाहीत, आणि वर्डप्रेसचा मूळ शोध मजकुरात मधूनच जुळणारे शब्द शोधतो, ज्याला डेटाबेसच्या इंडेक्सचा (झटपट शोधायच्या सूचीचा) उपयोग होत नाही. निकालाच्या दिवशी एका आयपी पत्त्यावरून मिनिटाला दहाच शोध अशी मर्यादा घाला.

बातमी प्रसिद्ध झाल्यावर सगळी कॅश साफ करणं ही सवयीने होणारी चूक आहे. त्या क्षणी हजारो पानं एकदम उघडी पडतात. साफ करायची ती बातमी, होमपेज, तिचे विभाग आणि टॅग, आरएसएस आणि साइटमॅप, एवढंच.

आतला सर्व्हर

पीएचपीच्या प्रक्रिया (एका वेळी एक पान बनवणारे हात) किती ठेवायच्या, हे मेमरीवरून ठरतं. ८ जीबीच्या मशिनवर २ जीबी बाकी कामांना सोडा. उरलेल्या ६ जीबीत प्रत्येकी ७५ एमबी धरून ८० प्रक्रिया बसतात. घाबरून ३०० ठेवल्या तर मेमरी संपते, मशिन डिस्क वापरायला लागतं आणि सगळंच ठप्प होतं.

या ८० प्रक्रिया अडकतात कशा? समजा थीममध्ये (साइटच्या दिसण्याच्या साच्यात) सोन्याचा भाव दाखवणारा चौकोन आहे आणि पान बनताना तो दुसऱ्या साइटला भाव विचारतो. वर्डप्रेस अशा उत्तराची मुळात ५ सेकंद वाट बघतं. समोरची साइट गप्प झाली की प्रत्येक प्रक्रिया ५ सेकंद बांधली जाते आणि ८० जणांकडून सेकंदाला १६ पानंच निघतात. भाव असो की हवामान, बाहेरची माहिती क्रॉनने (ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या साधनाने) पार्श्वभूमीत आणावी आणि पानाने साठवलेला आकडा वाचावा.

क्रॉनचंही एक वैशिष्ट्य आहे. वर्डप्रेसचं अंतर्गत क्रॉन कुणी पान उघडलं तरच जागं होतं. कॅश उत्तम चालली की पीएचपीपर्यंत कुणी पोहोचत नाही, आणि सकाळी सहाला लावून ठेवलेली बातमी सहाला जात नाही. ते बंद करून सर्व्हरच्या क्रॉनमधून दर मिनिटाला चालवा.

डेटाबेसमध्ये तीन गोष्टी आधी बघाव्यात. मायएसक्यूएलमधल्या इनोडीबीचा बफर पूल (डेटा मेमरीत ठेवायची जागा) मुळात १२८ एमबी असतो. फक्त डेटाबेससाठी असलेल्या मशिनवर तो एकूण मेमरीच्या सुमारे ७० टक्के करा. ऑप्शन्सच्या (सेटिंगच्या) तक्त्यात प्रत्येक पानासोबत आपोआप वाचला जाणारा मजकूर किती आहे ते मोजा. वर्डप्रेसचं साइट हेल्थ ८०० केबीच्या पुढे इशारा देतं, आणि काढून टाकलेल्या प्लगिनांचा कचरा इथेच साचतो. आणि पोस्ट-मेटाच्या (बातमीला जोडलेल्या जादा माहितीच्या) मूल्यांवर इंडेक्स नसतो, म्हणून ‘मोठी बातमी = हो’ असं मेटामध्ये ठेवून होमपेज रचू नका. त्यासाठी टॅग किंवा वेगळी वर्गवारी वापरा.

ऑब्जेक्ट कॅशसाठी, म्हणजे डेटाबेसची उत्तरं मेमरीत जपण्यासाठी, रेडिस किंवा व्हॅल्की लावाल. मार्च २०२४ मध्ये रेडिसचा परवाना बदलला तेव्हा त्यातून व्हॅल्की वेगळं झालं. दोन्हींत मेमरी भरल्यावर मूळ वागणूक नवं काही न स्वीकारण्याची आहे. जुनं, न वापरलेलं काढून टाकायची सेटिंग स्वतः करावी लागते.

सर्व्हर दोन किंवा जास्त झाले की फोटो एका मशिनच्या डिस्कवर ठेवून चालत नाही. निम्म्या वाचकांना फोटो दिसतो, निम्म्यांना नाही. ते ऑब्जेक्ट स्टोरेजवर हलवा. डेटाबेसची वाचनापुरती दुसरी प्रत लावली तर ती मूळ प्रतीच्या क्षणभर मागे असते. उपसंपादक मथळा दुरुस्त करून सेव्ह करतो, त्याला जुनाच दिसतो, तो पुन्हा दुरुस्त करतो. डेस्कच्या सगळ्या मागण्या मूळ डेटाबेसकडेच पाठवा. शक्य असेल तर डेस्कसाठी वेगळा सर्व्हरच ठेवा, म्हणजे वाचकांची गर्दी कितीही झाली तरी बातमी टाकणं थांबत नाही.

मराठीचे खास प्रश्न

इथे परदेशी मार्गदर्शिका कामाला येत नाहीत. वर्डप्रेस पत्त्यातला स्लग (मथळ्यावरून तयार होणारा भाग) २०० अक्षरांत बसवतं, पण देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात ९ अक्षरांचं होतं. म्हणजे मात्रा आणि हलन्त धरून जेमतेम २२ चिन्हं मावतात. ‘महाराष्ट्र विधानसभा निवडणूक निकाल’ या मथळ्याचा स्लग ‘महाराष्ट्र-विधानसभा-निवड’ इथे तुटतो, बरोबर २०० वर. ‘महाराष्ट्र विधानसभा निवडणूक उमेदवार’ही तिथेच तुटतो, म्हणून त्याला शेवटी २ चा आकडा लागतो. निवडणुकीच्या महिन्यात असे जवळपास सारखे शेकडो पत्ते तयार होतात. स्लग रोमन लिपीत, हाताने, चार-पाच शब्दांचा लिहायचा नियम पहिल्या दिवसापासून करा. नंतर बदलायचं तर प्रत्येक जुन्या पत्त्याला रीडायरेक्ट द्यावा लागतो.

दुसरा प्रश्न ‘शेतकऱ्यांना’ या शब्दात आहे. काही कीबोर्ड ऱ, हलन्त, य असं टाइप करतात. काही र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि य असं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात जुळत नाहीत. ‘ॲप’चंही तसंच: एकात ॲ हे एक चिन्ह असतं, दुसऱ्यात अ आणि वरचा चंद्र वेगळे. युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरण या जोड्या एक करत नाही. सेव्ह करतानाच एक रूप ठरवून बाकीची बदलणारा दहा-बारा ओळींचा कोड लिहावा. छापील आवृत्तीतून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर रूपांतर होऊन येत असेल, तर हे आणखी गरजेचं आहे.

शोधासाठी इलॅस्टिकसर्च लावलं तर हिंदीसाठी शब्दांची रूपं ओळखणारा तयार विश्लेषक मिळतो, मराठीसाठी नाही. ‘पुणे’ शोधल्यावर ‘पुण्यात’ आणि ‘पुण्याच्या’ सापडायचे असतील, तर गावांची, नेत्यांची आणि पक्षांची सामान्यरूपं समानार्थी यादीत भरावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतका फरक दुसरं काही पाडत नाही.

फाँट लहान करताना जपून. देवनागरीचा युनिकोड पट्टा फक्त १२८ जागांचा आहे, पण जोडाक्षरांचे आकार फाँटच्या आतल्या नियमांत असतात. फाइल छाटणाऱ्या साधनाने ते नियमही छाटले तर ‘ष्ट्र’ फुटून हलन्तासह दिसतो.

आधीची तालीम

निकालाच्या दहा दिवस आधी, रात्री, के-६ सारख्या मुक्त साधनाने अपेक्षित गर्दीच्या दुप्पट भार टाका. भरलेल्या कॅशवर चाचणी सगळेच पास होतात, म्हणून चाचणी चालू असताना होमपेजची प्रत काढून टाका, मग रेडिस बंद करा, मग डेटाबेसची दुसरी प्रत बंद करा. सरासरीपेक्षा सर्वांत हळू ५ टक्के वाचकांचा वेळ बघा. तो एका सेकंदाच्या पुढे जातोय का, आणि गेला तर किती वेळात परत येतो, हे लिहून ठेवा.

तीन दिवस आधी प्लगिनचे अपडेट थांबवा. त्यातही सुरक्षेची दुरुस्ती आलीच, तर ती आधी चाचणीच्या साइटवर लावून मगच खऱ्या साइटवर घ्या. होमपेजची साधी एचटीएमएल प्रत दर मिनिटाला ऑब्जेक्ट स्टोरेजवर जात राहील असं करा, आणि सीडीएनला तिकडे वळवायला कोणती सेटिंग बदलायची ते कागदावर लिहून डेस्कवर लावा. आणि संपादकांच्या पट्टीत ‘सगळी कॅश साफ करा’ हे बटण असेल तर आदल्या संध्याकाळी ते काढून टाका.